घोरण्याची फाईल

यंदा वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायचं काम माझ्याकडे आलं आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने, रोज संध्याकाळी सात वाजता, त्रिशरण-पंचशील झालं की एक प्रकरण वाचायचं. मी जीव ओतून वाचतो. उच्चार स्पष्ट, आवाजात चढउतार, अडखळणं नाही. चौथ्या दिवशी वाचन संपवून चष्मा पुसत होतो, तर गंगूमावशी काठी टेकत जवळ आली. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"गौतम, चांगलं वाचतं बाप्पा तू," ती म्हणाली, "पन थांबत नाईस. उत्तमभाऊ कसे मधात थांबत. ते थांबले का मनात उतरे."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीनं तर सांगितलं की उत्तमभाऊ थांबले की तिच्या अंगावर काटा येत असे. मी "बरं मावशी, उद्यापासून थांबतो" म्हणालो आणि गप्प बसलो. उत्तमभाऊ का थांबत, हे अख्ख्या इंझोरी गावात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक त्यांची बायको आणि दुसरा मी. उत्तमभाऊ थांबत, कारण ते झोपलेले असत.

उत्तमराव अंभोरे मंगरूळपीरला एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. मी त्याच कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. राहायलाही आम्ही इंझोरीत एकाच गल्लीत, मधे फक्त एक भिंत. म्हणजे दिवसा समोरच्या टेबलावर आणि रात्री भिंतीपलीकडे, असा चोवीस तास त्यांचा सहवास मला बारा वर्षं लाभला. देह भरलेला, मान आखूड, शर्टाचं वरचं बटण त्यांना कधी लागलं नाही. अक्षर मात्र छापल्यासारखं. अर्ज कुठल्या कलमात बसतो आणि कुठल्या कलमात अडकवता येतो, हे त्यांना साहेबापेक्षा जास्त कळायचं.

आणि झोप. ती कुठेही, कधीही, परवानगी न घेता येई. समोरचा माणूस आपली अडचण सांगत असताना येई. चहाचा कप ओठांपर्यंत जाईपर्यंत येई. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक कसब कमावलं होतं: पाठ ताठ, हनुवटी जागेवर, हातातलं पेन कागदावर टेकलेलं. झोप लागली तरी यातलं काही हलत नसे. समोरचा समजे, बाबू विचार करत आहेत. कोणी हलवून उठवलंच तर ते शांतपणे म्हणत, "झोपलो नोतो. डोये मिटून ऐकून राह्यलो."

हेच कसब विहारात कामाला आलं. आवाज भारदस्त आणि उच्चार सरकारी, म्हणून ग्रंथवाचनाचा मान वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होता. ओळीवर बोट ठेवून वाचायची त्यांची सवय. वाचता वाचता एका शब्दावर बोट थांबे, आवाज थांबे, डोळे मिटत. विहारात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होई. लोकांना वाटे, भाऊ अर्थात बुडाले आहेत. मग ते जागे होत आणि बोट ज्या शब्दावर असेल तिथूनच वाक्य पुढे नेत. एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा त्यांची बायको, कुसुमवहिनी, बायकांच्या रांगेत खांबाला टेकून बसली होती. तिला त्या थांबण्याची ओळख होती. आता भर विहारात नवऱ्याला "अवो, उठा" कसं म्हणणार? तिनं हात जोडले आणि मोठ्यांदा म्हटलं, "साधू!" तीन वेळा साधू म्हणायचं ते वाचन संपल्यावर, मधे नाही. पण एकीनं म्हटलं म्हटल्यावर बाकीच्या मागे कशा राहतील? सगळ्यांनी मिळून "साधू, साधू, साधू" केलं, उत्तमभाऊ दचकून जागे झाले आणि वाक्य पुरं झालं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी वहिनींनी सुरुवात करायच्या आधीच पुरुषांच्या बाजूनं साधू निघालं.

महिन्याभरात आमच्या विहाराची ती पद्धतच झाली. शेजारच्या गावचे पाहुणे आले, त्यांना ती फार आवडली, त्यांनी आपल्याकडे सुरू केली. एकदा एक भंते आले होते, त्यांनी कुतूहलानं विचारलं, "वाचनाच्या मधे साधू म्हणण्याची ही प्रथा कुठली?" सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं छाती पुढे काढून सांगितलं, "हे आमच्याकडं पयलेपासूनच हाय." पयलेपासून म्हणजे सव्वा महिन्यापासून.

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, मीही नेलं होतं. भिंतीपलीकडून येणारं घोरणं मला सवयीचं झालं होतं. एकदा सकाळी नळावर पाणी भरताना मी वहिनींना गमतीनं म्हणालो, "वहिनी, आज भाऊंची गाडी जोरात होती." त्या हसल्या नाहीत.

"तुमाले ते घोरनं ऐकू येते ना भाऊ?" त्या म्हणाल्या. "मले ते बंद होते ते ऐकू येते. घोरता घोरता एकदम बंद. छातीवर हात ठेवला तं छाती हालत नाई. मी मोजत राह्यतो, एक, दोन, तीन... मंग गुदमरल्यावानी मोठा आवाज करते आन पुन्हा सुरू. रातभर असंच. येका दिवशी बंद झालं आन सुरूच नाई झालं तं?"

त्या बाईनं कित्येक वर्षांत सलग झोप घेतली नव्हती. तिला नवरा जायची भीती वाटत होती, साध्या शब्दांत सांगायचं तर एवढंच. तिनं हे नवऱ्यालाही सांगितलं होतं. त्यावर उत्तमभाऊंचं उत्तर ठरलेलं होतं: "घोरनं काय बिमारी हाय? माहा बाप घोरे, माहा आजा घोरे. डाक्टरकडं बिमार मानसानं जा लागते."

दवाखान्याला नकार होता, पण औषधाला नव्हता. मंगरूळपीरच्या मेडिकलमध्ये काउंटरवर ठेवलेली, बाजारात चादर पसरून मांडलेली, मोबाईलवर आपोआप समोर येणारी घोरण्यावरची एकूण एक वस्तू त्यांनी आणली. यामागे त्यांचं तत्त्वज्ञान होतं आणि ते त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून समजावलं. "पाय गौतम, आपल्या हापिसात येक कागद पायजे तं अर्ज लागते, दोन फोटू लागते, शिक्का लागते. आन हे पाय. ना चिठ्ठी, ना सही. मांगा आन घ्या. ज्याले चिठ्ठी लागत नाई ते औषध निर्मय." जन्मभर लोकांकडून अर्ज मागितलेला हा माणूस, विनाअर्ज मिळणाऱ्या वस्तूवर असा भाळला होता.

वस्तू विनाअर्ज आली तरी तिची नोंद विनाफाईल कशी राहणार? त्यांनी पिवळ्या कव्हरची फाईल उघडली. वर टपोऱ्या अक्षरांत "विषय: घोरणे". प्रत्येक उपायाचं खोकं उलगडून, चपटं करून, भोकं पाडून, टॅग लावून आत. शेजारी दिनांक आणि शेरा. अशी फाईल कार्यालयातल्या कुठल्याही विषयाची नव्हती, हे मी शपथेवर सांगतो.

पहिला उपाय नाकावर चिकटवायची पट्टी. पहिल्याच सकाळी ते पट्टी काढायला विसरले आणि तशीच लावून कामावर आले. दाखल्यासाठी आलेल्या लोकांना वाटलं, बाबूला मार लागला. एका म्हाताऱ्यानं तर कोणी मारलं ते विचारलं. उत्तमभाऊंनी दाखले बाजूला ठेवून अर्धा तास पट्टीचं महत्त्व सांगितलं. दुपारपर्यंत रांगेतले दोन जण मेडिकलमधून तीच पट्टी लावून आले. फाईलमधला शेरा: "श्वास मोकळा. घोरणे पूर्वीपेक्षा खणखणीत."

मग घशात मारायचा पुदिन्याचा फवारा. घोरणं होतं तेवढंच राहिलं, फक्त भिंतीपलीकडून त्याला वास येऊ लागला. मग हनुवटीपासून डोक्यावर नेऊन बांधायचा पट्टा. दूधवाल्यानं सकाळी त्यांना त्या अवतारात पाहिलं आणि दाढ दुखते आहे समजून लवंगेचं तेल लावायला सांगून गेला. मग नाकात अडकवायची चुंबकाची चिमटी. ती दिवसाही लावली तर गुण लवकर येतो, असं खोक्यावर लिहिलं होतं. साहेबांसमोर ते फाईल उचलायला वाकले आणि सरळ झाले तेव्हा नाकाखाली तीन टाचण्या लटकत होत्या. साहेब बोलायचे थांबले. उत्तमभाऊंनी टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या आणि म्हणाले, "बोला साहेब, ऐकून राह्यलो." शेरा: "चुंबक अस्सल. घोरणे पूर्ववत."

पाठीवर झोपू नये म्हणून बनियनला मागून चेंडू शिवायचा, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. वहिनींनी शिवून दिला. माणसाला टोचलं की तो कुशीवर वळतो, असा त्यातला विचार. उत्तमभाऊ चेंडूवर पाठ टेकून छान झोपले. वहिनींनी सकाळी चेंडू काढला तो चपटा झाला होता.

मग तोंडावर लावायची चिकटपट्टी आली. तोंडच बंद केलं तर आवाज येणार कुठून, असा सरळ हिशेब. उत्तमभाऊंचं नाक बारा महिने चोंदलेलं, हे हिशेबात धरायचं राहून गेलं. वहिनींनी पाचव्या मिनिटाला ती पट्टी ओढून काढली, तिच्यासोबत अर्धी मिशीही आली. "आता मारूनच टाका सोताले," त्या ओरडल्या, तो आवाज मी ऐकला. दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी मिशी उतरवून भाऊ गुळगुळीत तोंडानं कामावर हजर. शेरा: "पत्नीच्या हरकतीमुळे प्रयोग अपूर्ण."

एवढं सगळं होऊन माणूस शहाणा व्हावा. उत्तमभाऊंनी नाकात टाकायचं एक तेल मागवलं. आठवड्यानं गल्लीत जाहीर केलं की घोरणं बंद झालं. वहिनी म्हणाल्या, नाही झालं, उलट भीती वाढली. नवरा-बायकोत मतभेद झाला की लोक भांडतात. उत्तमभाऊंनी पंचनामा करायचं ठरवलं.

रविवारची दुपार होती. मटणाचं जेवण करून ते पलंगावर पडले. बाहेर लिंबाखाली तीन खुर्च्या मांडल्या होत्या. पंच म्हणून एका खुर्चीवर खडसे मिस्त्री, दुसरीवर कोपऱ्यावरचा किराणावाला आणि तिसरीवर मी, लिहिणारा. खिडकी उघडी होती. वहिनी उंबऱ्यावर बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी घड्याळ मांडीवर ठेवून लिहिलं, ते शब्द मला आजही पाठ आहेत:

"दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी सदर इसम झोपी गेले. दोन वाजून नऊ मिनिटांनी घोरणे सुरू झाले. काही वेळाने घोरणे एकाएकी पूर्ण बंद झाले. पंचांनी खिडकीशी जाऊन खात्री केली, कोणताही आवाज आढळून आला नाही. त्यानंतर घुसमटल्यासारखा मोठा आवाज होऊन घोरणे पुन्हा सुरू झाले. असे वारंवार घडले. बंद राहण्याचा काळ पाहता, औषधाचा गुण येत आहे असे पंचांचे मत झाले."

"बंद झालं ना?" प्रत्येक वेळी मिस्त्री विचारत. "बंद झालं," किराणावाला म्हणे. आणि आम्ही तिघं एकमेकांकडे पाहून समाधानानं माना हलवत असू.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "लिवा," त्या म्हणाल्या. "तिघं मिळून लिवा का बाई येडी हाय." आणि आत गेल्या. आम्ही तिघांनी सह्या केल्या. माझी सही सगळ्यात मोठी होती. तो पंचनामा उत्तमभाऊंनी फाईलमध्ये सगळ्यात वर लावला आणि चार दिवस येईल त्याला वाचून दाखवला.

पाचव्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे त्यांच्या मोटरसायकलवर मंगरूळपीरला निघालो. गाडी ते चालवत, मी मागे. भाद्रपदातली सकाळ, रस्ता मोकळा. ते बोलत होते, बदल्यांविषयी. बोलणं मधेच थांबलं. गाडीवर त्यांना कधी झोप लागली नव्हती, म्हणून मला वाटलं, बदल्यांचा अर्थ लावत असतील. गाडी सावकाश डावीकडे झुकली, रस्ता सोडून उतारावरून खाली गेली, सोयाबीनमधून वाट काढत तुरीच्या तासांत शिरली आणि बंद पडून आडवी झाली. मी एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. ओली जमीन होती म्हणून आज हे लिहायला मी आहे. त्याच क्षणी वर रस्त्यावरून एक ट्रक गेला.

उत्तमभाऊ उठून बसले. चष्मा नीट केला. चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोयाबीन चांगलं हाय यंदा."

तेवढ्यात वावराचा मालक धावत आला. "काय झालं बाबू?" भाऊंनी चिखल झटकत सांगितलं, "पाहनी करून राह्यलो." पाहणी हा शब्द ऐकला आणि मालकानं बांधावरून हाक मारली. दहा मिनिटांत चार शेतकरी गोळा झाले. "आमच्याबी वावरात चाला बाबू, खालतून पिवयं पडून राह्यलं." आम्ही चार वावरं पाहिली. भाऊंनी प्रत्येकाचं नाव विचारून घेतलं. मी एका पायात चप्पल घालून मागे मागे फिरत होतो. ट्रकचा आवाज कानातून जात नव्हता.

संध्याकाळी मी वहिनींना सगळं सांगितलं. भाऊंना न विचारता सांगितलं, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्यांनी खुंटीवरची गाडीची चावी काढली आणि ज्वारीच्या कोठीत टाकली. मग नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"उद्या वाशीमले दवाखान्यात जाचं हाय."

"मी काय बिमार हाओ?"

"नोका येऊ. पन मंग उद्यापासून विहारात माह्या तोंडातून साधू निंगनार नाई. मी बाकीच्या बायाईलेबी सांगून ठेवतो, कोनीच म्हनू नोका. मंग झोपा तिथी, किती झोपता ते. गाव पाहीन."

कित्येक वर्षं मरणाची भीती घालून जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. आमच्या माणसाला जीवाचं काही वाटत नाही, पण चारचौघांत अब्रू जाते म्हटलं की तो सकाळी सातच्या गाडीला उभा असतो. उत्तमभाऊही होते. काखेत पिवळी फाईल होती. डॉक्टरला दाखवून, मी बरा झालो आहे असा दाखला आणायचा, हा त्यांचा बेत होता. वहिनी सोबत होत्याच, मला नेलं होतं ते साक्षीदार म्हणून.

वाशीमचे डॉक्टर तरुण होते आणि कमी बोलणारे. त्यांनी फाईल उघडली. चपटी खोकी एकेक करून उलटत गेले. चुंबकाच्या शेऱ्यावर त्यांचे ओठ जरा हलले. मग पंचनामा आला. तो त्यांनी एकदा वाचला, मग पुन्हा वाचला.

"हे कोणी लिहिलं?"

मी खुर्चीत सरसावून बसलो. म्हटलं, "मीच साहेब."

"चांगलं लिहिलंय. नेमकं लिहिलंय," ते म्हणाले. "फक्त शेवटची ओळ चुकली. घोरणं बंद होत होतं तेव्हा यांचा श्वास बंद होत होता. घसा आतून मिटतो, हवा जात नाही. तुम्ही तिघं खिडकीशी उभं राहून, माणसाचा श्वास थांबलेला पाहत होतात."

मी खाली पाहिलं. माझी ती मोठी सही समोरच होती. 'बंद झालं ना?' 'बंद झालं.' मटणाचा वास, लिंबाची सावली, आमच्या हलणाऱ्या माना, सगळं आठवलं आणि मला माझी लाज वाटली. आवक-जावकच्या नोकरीत मी हजारो चुकीचे कागद पाहिले, पण असा कागद स्वतः लिहिलेला पहिलाच.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पट्टी, फवारा, तेल हे आवाजाचे उपाय. आवाज हा आजार नाही, आजाराची खूण आहे. श्वास अडला की झोप मोडते, माणसाला कळत नाही, म्हणून दिवसा डोळा लागतो, हृदयावर ताण येतो. एका रात्रीसाठी छातीला आणि बोटाला तारा लावून तपासणी झाली. श्वास किती वेळा थांबतो तो आकडा ऐकून उत्तमभाऊंनी चष्मा काढला आणि बराच वेळ हातात धरून बसले.

"मले इचारलं असतं तं तारा लावा लागल्या नसत्या," वहिनी डॉक्टरांना म्हणाल्या. "मी मोजूनच राह्यली होती."

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, बरे होईपर्यंत गाडी चालवायची बंदी घातली आणि झोपताना नाकावर मुखवटा लावून हवा देणारं यंत्र लिहून दिलं. यंत्राला चिठ्ठी लागते हे कळल्यावर उत्तमभाऊंचं तोंड कडू झालं. "शेवटी अर्ज आलाच," एवढंच ते म्हणाले. परतीच्या गाडीत मात्र त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "गौतम, लय येळ बंद राहे काय रे?" मी हो म्हणालो. मग इंझोरी येईपर्यंत ते जागेच होते.

यंत्र आलं ते आश्विनात. पहिल्या दोन दिवसांत भाऊंनी त्याला शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी कामावर आले तेव्हा दुपारपर्यंत एकदाही थांबले नाहीत. ताठ बसलेला माणूस खरोखर जागा आहे, हे आमच्या कार्यालयात कोणाच्या पचनी पडेना. साहेबांनी त्यांना बरं वाटत नाही का, असं विचारलं. भिंतीपलीकडून आता फक्त हवेची बारीक सुरसुर येई. भाऊंनी फाईलमध्ये यंत्राचं खोकं लावलं आणि शेऱ्याची जागा कोरी ठेवली. "हा शेरा तुह्या वहिनीकडून घेनं हाय," ते म्हणाले. पण वहिनी शेरा देईनात. त्यांना अजून झोपच येत नव्हती. इतक्या वर्षांची सवय, त्या शांततेतही हात छातीवर ठेवून पडून राहत.

आश्विन पौर्णिमेला तीन-चार दिवस राहिले होते. विहारात नेहमीसारखं वाचन सुरू झालं. उत्तमभाऊ वाचत होते, बोट ओळीवर, आवाज सलग. पान उलटलं, दुसरं उलटलं, कुठे थांबणं नाही. लोक चुळबुळ करू लागले. गंगूमावशी हात जोडून केव्हाची तयार होती, पण साधू म्हणायला जागाच मिळेना. मी पुरुषांच्या बाजूला कडेला बसलो होतो, तिथून खांब दिसत होता. खांबाला डोकं टेकून कुसुमवहिनी झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले.

भाऊंचं लक्ष गेलं आणि ते थांबले. खरोखरचे थांबले, उघड्या डोळ्यांनी. सगळ्या विहारानं श्वास भरून घेतला. पण त्या शांततेत वहिनींच्या कपाळावर आठी पडली, डोळे मिटलेलेच, आणि त्यांचा उजवा हात उचलला जाऊन शेजारच्या मोकळ्या जागेत काहीतरी चाचपू लागला. आवाज बंद झाला होता ना. भाऊंनी डावा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि लगेच पुढचा शब्द वाचला. वहिनींचा हात हळूच खाली आला.

मग ते थांबलेच नाहीत. प्रकरण संपलं, त्यांनी दुसरं सुरू केलं. तेही संपलं, तिसरं घेतलं. पाणी प्यायले नाहीत, घसा खाकरला नाही, घाम पुसला नाही. आवाज बसत चालला तरी सूर तोच ठेवला. घरोघरी भाकरी गार होत होत्या, पण कोणी उठलं नाही. हळूहळू सगळ्यांच्या नजरा खांबाकडे गेल्या होत्या. गंगूमावशीनं जोडलेले हात तोंडावर दाबून धरले होते.

नवाच्या सुमाराला वहिनी आपणहून जाग्या झाल्या. गोंधळून इकडे तिकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला. एवढे लोक आपल्याकडे का पाहताहेत ते त्यांना कळलं नाही. आपल्या हातून चूक झाली, भाऊ थांबले असणार आणि आपण उठवलं नाही, असं वाटून त्या घाईघाईनं मोठ्यांदा म्हणाल्या, "साधू!"

सगळ्या विहारानं तीनदा साधू म्हटलं. त्यानंतर दोन महिन्यांनी उत्तमभाऊ निवृत्त झाले आणि दोघं मुलीकडे अमरावतीला राहायला गेले. पण मला ते दिसतात ते तिथेच, दिव्याखाली, बसलेल्या घशानं हसताना. ओळीवरचं बोट त्यांनी उचललं आणि कुठवर आलो ते न पाहताच ग्रंथ मिटला.